या आकड्याचा मालक कोण?

खोडदची डिश आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने पाहिली आहे. काहींनी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात जाऊन, तर काहींनी रस्त्याने जाता जाता. पाहिल्यावर फोटो काढणे आणि 'केवढी मोठी आहे यार!' म्हणणे हे दोन विधी उरकले की आपण वडापाव खायला मोकळे. मला मात्र त्या डिशकडे पाहून एक वेगळाच प्रश्न पडतो. तो खगोलशास्त्राचा नाही, आपल्या कॅड लॅबचा आहे. या एका डिशच्या ड्रॉइंगमध्ये शेकड्याने मापे असणार. त्यांतली स्वतंत्र मापे किती, आणि दुसऱ्या कुठल्यातरी मापावरून आलेली किती?

थोडं गणित करू या. घाबरू नका, दहावीच्या पलीकडचं फारसं नाही. जीएमआरटीच्या डिशचा व्यास ४५ मीटर. फोकल लेंग्थ १८.५४ मीटर, म्हणजे व्यासाच्या ०.४१२ पट. आता पॅराबोलाची खोली काढायची तर व्यासाचा वर्ग भागिले फोकल लेंग्थची सोळापट. उत्तर येतं साधारण ६.८३ मीटर. म्हणजे ही खोली कुणी 'ठरवली' नाही. व्यास आणि ०.४१२ हे गुणोत्तर ठरलं आणि खोली आपोआप आली. डिशला आधार देणाऱ्या सोळा वक्र फ्रेम आहेत, त्यांचा बाक त्यावरून आला. त्या फ्रेमच्या मध्ये ताणलेल्या दोरांची लांबी त्यावरून आली. वर फोकसपाशी फीड धरून ठेवणारे चार पाय आहेत, ते किती उंच हवेत हेही त्यावरूनच आलं. समजा उद्या कुणी म्हणालं, ४५ नको, ४० मीटरची करा. गुणोत्तर तेच ठेवलं तर फोकल लेंग्थ होते १६.४८ मीटर, खोली होते ६.०७ मीटर, आणि बाकी सगळं त्यांच्या मागोमाग जातं. गंमत म्हणजे एक गोष्ट मुळीच बदलत नाही. फोकसपाशी उभं राहून डिशच्या काठाकडे पाहिलं तर मधल्या रेषेपासून जो कोन होतो, तो ४५ ला साडेबासष्ट अंश आणि ४० ला पण साडेबासष्ट अंशच. तो व्यासाचं ऐकतच नाही, फक्त गुणोत्तराचं ऐकतो.

आता दुसरी बाजू बघा. या डिशचा पृष्ठभाग म्हणजे पत्रा नव्हे, जाळी आहे. स्टेनलेस स्टीलची ०.५५ मिलिमीटरची तार, मध्यभागी जाळीची भोकं १० मिलिमीटरची, काठाकडे जाता जाता २० मिलिमीटरपर्यंत मोठी. हा २० चा आकडा ४५ मीटरवरून आला का? अजिबात नाही. तो आला रेडिओ लहरींच्या लांबीवरून. हायड्रोजनची प्रसिद्ध लहर २१ सेंटिमीटरची. भोक तिच्यापेक्षा पुष्कळ लहान असलं की लहरीला ती जाळी भिंतीसारखीच वाटते. मग पत्राच का नाही लावला? कारण खोडदच्या माळावर वारा आहे! जाळीतून वारा निघून जातो, म्हणून एवढी मोठी डिश इतक्या हलक्या सांगाड्यावर उभी राहते. ताशी १३३ किलोमीटर वेगाचं वादळ सोसेल असा तिचा हिशेब आहे. तेव्हा व्यास ४० करा नाहीतर ५० करा, जाळीचं भोक तेच राहणार. त्या आकड्याचा मालक वेगळा आहे.

मला या लेखात एवढंच सांगायचं आहे. कुठल्याही डिझाइनमधल्या प्रत्येक आकड्याला कुणीतरी मालक असतो. काही आकडे स्वतःच मालक असतात. मॉडेल करायला बसताना 'या आकड्याचा मालक कोण' हे विचारायचं आणि ते कॉम्प्युटरलाही सांगून ठेवायचं, यालाच माझ्या मते पॅरामेट्रिक मॉडेलिंग म्हणतात. आपल्या लॅबमध्ये आपण करतो ते माउसने चालवलेलं ड्रॉइंग बोर्ड आहे. राग मानू नका.

खरं तर हे सॉफ्टवेअर जन्माला आलं तेच यासाठी. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' केलं, तेव्हाच त्यात दोन रेषा समान ठेव, या दोन समांतर ठेव, असं कॉम्प्युटरला बजावून ठेवायची सोय होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी प्रो-इंजिनिअर आलं, १९९५ ला सॉलिडवर्क्स आलं, आणि 'माप बदला, मॉडेल बदलेल' ही गोष्ट साध्या कॉम्प्युटरवर आली. (जीएमआरटीची आखणी त्याच्याही आधीची. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नाती डोक्यात आणि कागदावर सांभाळली. एक डिश चुकली असती तर ती चूक तीसदा बांधली गेली असती, कारण डिश तीस आहेत. चौदा मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या, सगळा पसारा पंचवीस किलोमीटरचा.)

आणि आपण? आपण पहिल्या स्केचमध्ये शाफ्टचं वर्तुळ काढतो, २५ टाईप करतो. चौथ्या स्केचमध्ये त्याच शाफ्टसाठी भोक काढतो, पुन्हा २५ टाईप करतो. आपल्याला माहीत असतं की हे दोन्ही २५ एकच आहेत. कॉम्प्युटरला कुठे माहीत? त्याच्या दृष्टीने एक 'डी१@स्केच१' आणि दुसरा 'डी१@स्केच४', एका आडनावाची दोन अनोळखी माणसं.

यांची ओळख करून देणं अवघड मुळीच नाही. सॉलिडवर्क्समध्ये मापावर राईट क्लिक करून 'लिंक व्हॅल्यूज' निवडायचं आणि एक नाव द्यायचं. तेच नाव दुसऱ्या मापाला दिलं की दोन्ही बांधली गेली. त्याहून चांगलं म्हणजे 'इक्वेशन्स'मध्ये जाऊन ग्लोबल व्हेरिएबल करायचा आणि मापाच्या चौकटीत बरोबरचं चिन्ह टाकून त्याचं नाव द्यायचं. आकड्याआधी सिग्माची खूण दिसली की समजा, हा आकडा दुसऱ्याचं ऐकतोय. इन्व्हेंटरमध्ये पॅरामीटर्सचा तक्ता आहे. फ्रीकॅड फुकट आहे, होस्टेलच्या जुन्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा चालतं, त्यात स्प्रेडशीटच्या घराला नाव द्यायचं आणि स्केचच्या मापात तेच लिहायचं. दहा मिनिटांचं काम. तरीही ते का करत नाही हे मी बऱ्याच जणांना विचारलं. उत्तर ठरलेलं: 'जर्नलला लागत नाही.'

जर्नलला लागत नाही हे खरंच आहे. पुस्तकातली आकृती समोर असते, त्यावर सगळी मापं छापलेली असतात, ती जशीच्या तशी टाईप करायची, प्रिंट काढायची, सही घ्यायची. त्या आकृतीत कधीच काही बदलत नाही. मग लिंक कशाला करायची? पण बी.ई.च्या प्रोजेक्टला सगळं बदलतं! गाईड बदलायला सांगतात, दुकानात ते मटेरियल मिळत नाही, शेतकरी म्हणतो ही आमच्या रानात चालायची नाही.

गेल्या वर्षी सीनियर्सच्या एका ग्रुपचं असंच झालं. टोमॅटोचे क्रेट वाहायची ढकलगाडी. विषय अगदी आपल्या भागातला. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो क्रेटवर विकला जातो, वीस किलोचा एक क्रेट, आणि तोडणीच्या दिवशी तो सरीतून बांधापर्यंत डोक्यावर किंवा खांद्यावर आणावा लागतो. बहुतेक करून बायकाच आणतात. म्हणजे चांगलं काम होतं. चौघांनी पार्ट वाटून घेतले: एकाकडे फ्रेम, एकाकडे आस आणि बेअरिंग, एकाकडे चाकाचा हब, एकाकडे वरचा प्लॅटफॉर्म. चार लॅपटॉप, चार फाइली, प्रत्येकीत स्वतंत्रपणे टाईप केलेला २५. मग लोडचा हिशेब पाहून गाईडनी शाफ्ट ३० चा करायला सांगितला. तो झाला एका फाइलमध्ये. हबचं प्रिंट जुनंच गेलं. टर्नरने प्रिंटवर जे होतं ते केलं, त्याचा काय दोष? आणि २५ बोअरची पेडेस्टल बेअरिंगं, यूसीपी २०५, आधीच आणून ठेवलेली. नशीब की हबचं भोक लहान पडलं होतं, ते मोठं करता येतं. उलट झालं असतं तर हब भंगारात. बेअरिंगं मात्र बिल हरवल्यामुळे परत गेली नाहीत, दुसरी जोडी चौघांनी वर्गणी काढून घेतली.

इथपर्यंतची गोष्ट कुणालाही पटते. खरी गंमत पुढेच आहे.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्या ग्रुपने मग दिसेल ते लिंक करायला घेतलं. दोन चाकांमधलं अंतर ६०० होतं, प्लॅटफॉर्मची रुंदीही ६०० होती. आकडे सारखे, टाका लिंक करून! पहिल्या रानात सरी चार फुटी होती, गाडी छान चालली. दुसऱ्या शेतकऱ्याची सरी पाच फुटी, म्हणून गाडी डुलू नये यासाठी चाकांतलं अंतर ७५० केलं. प्लॅटफॉर्म आज्ञाधारकपणे ७५० झाला. पण क्रेट काही वाढला नाही. जो क्रेट आधी दोन पट्ट्यांच्या मध्ये नीट बसत होता, तो आता ढेकळावरून जाताना इकडून तिकडे सरकायला लागला.

आकडे जुळले म्हणजे नातं जुळलं असं नाही. नाहीतर छत्तीस गुण जुळलेली सगळीच लग्नं सुखाची झाली असती! चाकांतल्या अंतराचा मालक सरी. प्लॅटफॉर्मच्या रुंदीचा मालक क्रेट. दोन्ही एकदा ६०० निघाले हा योगायोग. लिंक करताना 'हे दोन आकडे आज सारखे आहेत का' हा प्रश्न निरुपयोगी आहे. प्रश्न असा पाहिजे की एक बदलला तर दुसरा बदलायलाच हवा का, आणि कशामुळे? 'कशामुळे'चं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर लिंक करू नये. खुशाल दोनदा टाईप करावं.

आणि कुणी कुणाचं ऐकायचं, याचाही विचार हवा. शाफ्ट आणि बेअरिंगचं बोअर यांचं नातं खरं आहे, पण मालक कोण? आपण पुस्तकी माणसं, आपण म्हणतो शाफ्टचा व्यास सूत्राने काढला २७.३, म्हणून बोअर २७.३. स्क्रीनवर होतं की! पण बेअरिंगच्या दुकानात जाऊन सांगा बरं, २७.३ चं द्या. तो २०५ काढून देईल, २५ चं, नाहीतर २०६, ३० चं. म्हणजे बाजार मालक, बेअरिंग त्याचं ऐकणार, शाफ्ट बेअरिंगचं ऐकणार, आणि सूत्राचं काम एवढंच की 'याच्यापेक्षा बारीक नको' म्हणून काठी घेऊन उभं राहायचं. विकत मिळणारी वस्तू, रानातली सरी, क्रेट, माणसाच्या हाताची उंची हे आपल्या सांगण्याने बदलणारे नाहीत. यांची मापं आधी टेप घेऊन घ्यावीत आणि फाइलमध्ये सगळ्यात वर, नाव देऊन लिहावीत. बाकीच्यांनी त्यांच्या मागे यावं.

आणखी एक. लिंक म्हणजे दर वेळी 'बरोबर'चं चिन्ह असं नाही. बैलगाडीचं चाक बघा. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेरचा लाकडी घेर आणि त्यावर चढवलेली लोखंडी धाव. (कॉन्व्हेंटमध्ये मी 'हब' आणि 'स्पोक' शिकले होते. 'तुंबा' म्हटलं की मला फक्त तुंबलेली मोरी आठवायची. हे शब्द मला मैत्रिणीच्या आजोबांनी शिकवले.) धाव ही लाकडी घेरापेक्षा किंचित लहान करतात. भट्टीत तापवून फुगली की चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. ती आक्रसते आणि सगळं चाक आवळून धरते. म्हणजे धाव चाकाचं ऐकते, पण 'चाक वजा थोडंसं' असं. तो 'थोडंसं' हा आकडाच त्या लोहाराची विद्या. आपण कॅडमध्ये दोन्ही सारखे लिंक केले तर मॉडेल सुंदर दिसेल आणि चाक पहिल्याच चढावर खुळखुळेल. फिट आणि टॉलरन्सचा अख्खा धडा आपण पाठ करतो, पण मॉडेलमध्ये तो फरक वेगळं नाव देऊन लिहिलेला मी अजून एकाही सबमिशनमध्ये पाहिला नाही.

काही सीनियर मंडळी याच्या अगदी विरुद्ध सल्ला देतात: 'लिंक-बिंक करू नकोस, मॉडेल फुटतं.' त्यांचंही अर्धं खरं आहे. कारण लिंक दोन प्रकारांनी होते. एक म्हणजे नाव दिलेल्या आकड्याला बांधणं. दुसरं म्हणजे समोर दिसणाऱ्या कडेला नाहीतर कोपऱ्याला बांधणं. दुसरं फार सोपं वाटतं, माउस नेला की कड उजळते, क्लिक केलं की झालं. पण मागाहून त्या कडेवर कुणी फिलेट मारला की कडच नाहीशी होते आणि खालची सगळी झाडं लाल-पिवळी होऊन बसतात. दुसऱ्या पार्टच्या कडेला बांधलं आणि तो पार्ट न घेता पेनड्राईव्हवर एकटीच फाइल कॉपी करून आणली, तरी तेच, प्रश्नचिन्हं. म्हणून मालक आकडे एका ठिकाणी, कडा शक्यतो टाळायच्या, आणि जिथे नातं आकाराचंच आहे तिथे एकच मूळ स्केच करून बाकीच्यांनी त्यावरून घ्यायचं. फुटायची भीती तरीही थोडी राहते. पण मी म्हणते, फुटलेलं मॉडेल निदान ओरडून सांगतं. दोनदा टाईप केलेला आकडा काहीच बोलत नाही, तो थेट टर्नरच्या टेबलावर बोलतो.

आणि हे फक्त होस्टेलच्या पोरांचंच होतं असं समजू नका. एअरबसच्या ए-३८० विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर असते. जर्मनीत हॅम्बुर्गला कॅटियाची जुनी आवृत्ती, फ्रान्समध्ये तुलूजला नवी. एकीकडे झालेला बदल दुसरीकडे धड पोचेना. तयार केलेले वायरचे जुडगे विमानात बसवायला घेतले तर कमी पडले. २००६ साली हे जगजाहीर झालं, विमानं दोनेक वर्षं उशिरा गेली, मोठी माणसं पायउतार झाली. आपली तर चार लॅपटॉपची कथा.

उलट जिथे मालक आधी ओळखला गेला तिथे काय होतं त्याचं उदाहरण आपल्या खोडदवाल्यांच्याच घरातलं आहे. जीएमआरटीच्या आधी, १९७० मध्ये, स्वरूप यांच्याच चमूने उटीला रेडिओ दुर्बीण बांधली. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, उत्तर-दक्षिण पसरलेली. ती डोंगराच्या उतारावर आहे, आणि तो उतार साधारण अकरा अंशांचा निवडला, कारण त्या जागेचा अक्षांश अकरा. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एकाच आसाभोवती फिरवून तारा तासन् तास धरता येऊ लागला. उताराच्या मापाचा मालक अक्षांश! मला तर हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सपाट जागा शोधून मग त्यावर दुसरी मोटर, दुसरा गिअरबॉक्स हा खर्चच त्यांनी डोंगराकडून वसूल केला.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ही स्टाफ रूमसाठी आहे. सिलॅबस विद्यापीठाच्या हातात आहे, तो आपण बदलू शकत नाही. पण टर्मवर्कची ओरल तर इथेच होते. सरांनी आणि मॅडमनी एवढंच करावं. विद्यार्थ्याने मॉडेल पूर्ण करून दाखवलं की 'एक्स्ट्रूड कमांड कुठे असते' हे विचारू नये. कमांड कुठे असते ते मेन्यूत लिहिलेलं असतं. त्याऐवजी शाफ्टचा आकडा बोटाने दाखवावा आणि म्हणावं, हा ३० कर. मग खुर्चीत मागे टेकून पाहावं की काय काय हललं, काय हलायला हवं होतं पण हललं नाही, आणि काय उगाच हललं. तिसऱ्यासाठी सगळ्यात जास्त मार्क ठेवावेत, कारण ते शोधणं सर्वांत कठीण.

'चाळीस पोरं, एक लॅब, वेळ कुठे आहे?' असं कुणी म्हणेल. एका आकड्याला अर्धं मिनिट लागतं. शिवाय आणखी एक फायदा आहे, जो मी या पानावर लिहिला म्हणून काही बॅचमेट्स मला मेसमध्ये बोलायचे नाहीत. मित्राची फाइल नाव बदलून आणणाऱ्याला कुठला आकडा कुणाचं ऐकतो हे माहीत नसतं. तो ३० टाईप करेल, आणि मग आपल्यासारखाच स्क्रीनकडे उत्सुकतेने बघत बसेल.

प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूला ब्लॉक डायग्रामऐवजी एक कागद मागावा. त्यावर मालक आकड्यांची यादी आणि प्रत्येकासमोर तो कुठून आला: टेपने मोजला, दुकानातून आला, हिशेबाने काढला की नुसताच ठोकून दिला. त्या क्रेटच्या गाडीच्या यादीत माझ्या हिशेबाने सात आकडे भरतात. या वर्षी ज्युनिअर्सचा एक ग्रुप तीच गाडी पुढे नेतोय. कांद्याच्या गोण्यांसाठी करायची म्हणताहेत. त्यांनी मंचरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जाण्याआधी एवढं करावं, की गोणी भरून घेऊन तिची रुंदी मोजावी. रिकाम्या गोणीची नको.